कड्याखालची एक्केचाळीस पावलं

मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायको बोलायची थांबली. झालं ते एवढंच. शुक्रवारची सकाळ, साडेआठची वेळ, नव्हे, आठ पस्तीस. मी चष्मा शोधत होतो आणि ती ओट्याला टेकून, माझ्याकडे पाठ करून, फोनवर तिच्या धाकट्या बहिणीशी बोलत होती. एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताचं बोट ती हवेत गोल फिरवत होती. "अगं, चपला हातात घेतल्या आणि त्या अख्ख्या बेटाला मी एकटीने चक्कर..." तेवढ्यात तिला माझी चाहूल लागली. तिने मान वळवली, बोट खाली घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे. तुझं सांग, गुडघा काय म्हणतोय?" बाहेर पडताना आपण दिवा बंद करतो, तितक्या सहज तिने ते वाक्य बंद केलं. आवाजात राग नव्हता, चोरून काही करताना सापडल्यासारखंही काही नव्हतं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी चष्मा घेतला आणि कामावर निघालो.

रस्ताभर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. मी काय खाणार होतो तिला? मी तोंड तरी उघडलं होतं का? चष्मा शोधायला आलेल्या माणसाला बघून गप्प व्हायचं म्हणजे काय? आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट टोचत होती. ती थांबली नसती तर मी तोंड उघडलं असतं. "चक्कर नाही, टेकडीवरून आलीस," हे माझ्या जिभेवर आलंच होतं. एकोणीस वर्षं ती ते वाक्य म्हणते आणि एकोणीस वर्षं मी ते दुरुस्त करतो. पण आज तिने मला ती संधीसुद्धा दिली नाही, आणि मला राग आला होता तो नक्की कशाचा, हे ऑफिसच्या जिन्यापर्यंत मला कळलं नाही.

आमच्याकडे समुद्राचे नकाशे दुरुस्त होतात. कुठे वाळूचा बांध सरकतो, कुठे दीपगृहाचा दिवा बदलतो, कुठे बुडालेलं जहाज सापडतं. दर आठवड्याला याद्या येतात आणि आम्ही सहा जण उंच टेबलांशी उभे राहून जांभळ्या शाईने प्रत्येक प्रतीवर तो बदल करतो. मग डाव्या कोपऱ्यात खाली त्या दुरुस्तीचा क्रमांक टाकायचा. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: लेखणी उचलण्याआधी डावा कोपरा बघ. दुरुस्त झालेला आकडा पुन्हा दुरुस्त केलास तर नकाशा मूळ चुकीपेक्षा वाईट होतो, कारण चुकीवर कुणीतरी संशय घेतं, दुरुस्तीवर कुणी घेत नाही. त्या दिवशी नवी मुलगी नेमकं तेच करून बसली होती. एका खाडीची खोली अर्ध्या मीटरने कमी करायची होती, ती तिने दोनदा कमी केली होती. मी तिला सगळ्यांसमोर झापलं. ती म्हणाली, "सर, पहिली दुरुस्ती तुमच्या अक्षरात होती, पण क्रमांक टाकायचा राहिला होता." मी कोपरा बघितला. खरंच राहिला होता. "तरी विचारायचं," मी म्हणालो, आणि माझ्या टेबलाशी परत आलो. दिवसभर मला त्या मुलीचा चेहरा दिसत राहिला, पण तिच्या चेहऱ्यामागे बायकोचं ते हवेतलं बोट होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीचा तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. आठवणं हेच माझं काम आहे. मी होडी नुकतीच घेतली होती, सोळा फुटी, एका डोलकाठीची. मुलीला आजीकडे ठेवून आम्ही दोघंच निघालो. बंदराबाहेर दोन तासांवर उथळ पाण्यात चार बेटं आहेत. त्यांतल्या तिसऱ्या बेटावर माणूस राहत नाही, झरा नाही, काही उगवत नाही म्हणून कुणी जात नाही. दक्षिणेच्या पुळणीसमोर मी नांगर टाकला. शिडाचा एक दोर कप्पीत अडकत होता, तो सोडवत मी बसलो आणि ती म्हणाली, "मी जरा फिरून येते." डावीकडे गेली. अडीच तासांनी उजवीकडून आली. ओली, केस सुटलेले, चपला हातात, चेहरा लाल झालेला. म्हणाली, "मी पूर्ण फिरून आले." मी म्हणालो, शक्य नाही, उत्तरेला कडा सरळ पाण्यात उतरतो. ती म्हणाली, "पाण्यातून आले. गुडघ्याएवढं होतं. मग आत एक ओटा आहे दगडाचा, त्यावरून चालता येतं. आणि तिथे कड्यात एक भोक आहे, त्यातून आवाज येतो, आत कुणीतरी चूळ भरतंय असा." ती हसत होती. मी तिला नकाशा दाखवला. कड्याच्या पायथ्याशी साडेतीन मीटर पाणी. "तू टेकडीवरून उतरली असशील," मी म्हणालो. "दगडधोंड्यांत कळत नाही." तिने नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. येताना ती होडीच्या पुढच्या टोकाला बसली. पुन्हा कधी आली नाही. समुद्र तिला सोसत नाही असं मी लोकांना सांगत आलो.

ती मात्र ते सांगायची. कुणी आलं, सहलीचा विषय निघाला की तिचं बोट हवेत गोल फिरायचं, आणि खोलीत मी जिथे असेन तिथून म्हणायचो, "टेकडीवरून." पुढे पुढे तर मान वर न करता. हे एकट्या बेटाचं नव्हतं. तिची आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांना ती सांगत होती, "आई गुरुवारी गेली," आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणालो होतो, "बुधवारी. बारा वाजायला दहा मिनिटं होती." बरोबरच होतं माझं. पण पुढच्या माणसाला तिने वार सांगितलाच नाही. मुलगी आता दूर राहते आणि रविवारी फोन करते. एकदा ती म्हणाली होती, "बाबा, तुमच्याशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा." आम्ही सगळे हसलो होतो. त्यानंतर ती फोन केला की आधी विचारायची, आई आहे का. मला वाटायचं, मुलींचं असतंच तसं.

संध्याकाळी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. उद्या जायचं, नीचतम ओहोटीला त्या कड्यासमोर उभं राहायचं, पाणी कड्याला लागलेलं आहे याचा फोटो काढायचा आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. मग तिने खुशाल कुणाला काही सांगावं, मी मध्ये बोलणार नाही. एकदा सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा सांगायची गरज नसते. किती उदार विचार. शनिवारी सकाळी मी चहा पीत भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं. पुस्तकातल्या वेळा बंदराच्या असतात. बेटांकडे पाणी चाळीस मिनिटं उशिरा फिरतं, तेवढी मिळवावी लागतात. समोर ती केस विंचरत होती. "बेटावर जातोय," मी म्हणालो. "कुठल्या?" असं तिने विचारावं अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली, "टोपी घे." मी शनिवारची वेळ बघितली, त्यात चाळीस मिळवली, चिठ्ठीवर लिहिलं, एक वाजता ओहोटी पूर्ण, आणि चिठ्ठी खिशात टाकली.

धक्क्यावर एक म्हातारा रखवालदार आहे, त्याला सगळे हवामान म्हणतात, कारण तो रोज अंदाज सांगतो आणि रोज चुकतो. "साहेब, आज वारा पडणार," तो म्हणाला, म्हणजे वारा मिळणार हे नक्की झालं. मिळालाच. धक्का मागे पडला, मोठं शीड भरलं, सुकाणूचा दांडा हाताला ओढ देऊ लागला आणि एरवी या क्षणी माझ्या खांद्यांतून काहीतरी उतरून जातं. एकोणीस वर्षं मी एकटाच जातो. होडीत कुणी बोलत नाही म्हणून कुणी चुकत नाही. वारा चुकत नाही, तो नुसता बदलतो. पहिल्या बेटावर तासभर भटकलं की चपलेत वाळू, पोटऱ्यांवर मिठाचे पांढरे डाग. दुसऱ्यावर एक पडकी भिंत आहे, तिच्या सावलीत डबा खायचा. पायांना दगड ओळखीचे झालेत. या शांततेसाठी मी आठवडा काढतो. पण त्या दिवशी शांतता मुळी मिळेचना. ती टोपी घे म्हणाली आणि मी टोपी घरीच विसरलो होतो, आणि डोकं तापत होतं, आणि मनात मी पाहुण्यांसमोर फोटो काढून दाखवत होतो. दाखवताना तिचा चेहरा कसा दिसेल ते काही केल्या जुळत नव्हतं.

साडेअकराला तिसऱ्या बेटासमोर नांगर टाकला, कमरेएवढ्या पाण्यातून पुळणीवर आलो आणि डावीकडे निघालो. एरवी मी उजवीकडून जातो, कड्यापर्यंत, आणि परत येतो. कधी डावीकडून, कड्यापर्यंत, आणि परत येतो. म्हणजे या बेटाचा उत्तरेचा एक तुकडा सोडला तर सगळं बेट माझ्या पायाखालून गेलेलं आहे, आणि तो तुकडा चालायचा नसतोच, हे मी इतक्या वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत जायचो, कडा पाण्यात गेलेला बघायचो आणि वळायचो. पाणी किती आहे हे नकाशावर लिहिलेलं होतं. साडेबाराच्या आधीच मी त्या कोपऱ्याशी पोचलो. पाणी कड्याला लागलेलं होतंच. पण फोटो काढायचा तर नीचतम पाण्याला, एक वाजता. उगाच कुणी म्हणायला नको की थोडं थांबला असतास तर. मी एका सपाट दगडावर बसलो आणि डबा उघडला.

समोर पाण्यात एक काळा दगड होता, कालवं चिकटलेला. त्याच्याकडे बघत मी जेवलो. जेवण संपलं तेव्हा तो आधीपेक्षा लहान दिसला. एक वाजला. मी फोटो काढला. दगडाचं आता नुसतं डोकं राहिलं होतं, आणि मी तिथे बसून स्वतःला सांगत होतो की ओहोटी आत्ताच पूर्ण झाली आहे, पाणी अजून थांबलेलं आहे, ही फक्त लाट आहे. डोळ्यांना दिसत होतं ते खिशातल्या चिठ्ठीशी जुळत नव्हतं, म्हणून मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. दीड वाजता दगड दिसेनासा झाला. पावणेदोनला मी मागे वळून बघितलं तर ज्या खडकाळ पट्टीवरून आलो होतो ती पांढऱ्या फेसाखाली गेली होती आणि लाटा तिच्यावर आडव्या आपटत होत्या. तिथे पाय घसरला असता तर माझ्यामागे रडायला पुळणीसमोर एक होडीच होती.

मग टेकडी. एकोणीस वर्षं मी तिला ज्या टेकडीवरून उतरवत होतो, ती मी पहिल्यांदा हाताने धरून बघितली. दगड मुठीत येत होते आणि मुठीतच फुटत होते. दोन पुरुष उंचीपर्यंत गेलो, काटेरी झुडपाने हात फाडला, पाय सुटला आणि मातीसकट खाली आलो. पुन्हा चढलो, पुन्हा आलो. तिथून अनवाणी, हातात चपला घेऊन, कुणी उतरू शकत नव्हतं. हे कळायला एक प्रयत्न पुरेसा होता, मी तीन केले. तिसऱ्यांदा खाली बसलो तेव्हा गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मी मोठ्याने म्हणालो, "टेकडीवरून." ऐकायला कुणी नव्हतं.

कोपऱ्याकडून पाण्यात उतरलो. साडेतीन मीटर म्हणून मी श्वास कोंडून घेतला होता, आणि पाय कमरेएवढ्या पाण्यात दगडावर टेकले. थंडगार, घट्ट. एक हात कड्याला धरून मी कोपरा वळलो. सात पावलं, आठ, आणि आतल्या बाजूला खरंच ओटा होता. दीड हात रुंद, घोट्याएवढ्या पाण्याखाली, घरातल्या व्हरांड्यासारखा सरळ. वर चढलो आणि मग मी उभाच राहिलो, कारण तो आवाज आला. कड्यात छातीच्या उंचीला एक भोक होतं, लाट आत गेली की आतून गुळगुळ व्हायचं, मग थुंकल्यासारखं पाणी बाहेर यायचं. चूळ. दुसरा शब्दच नव्हता त्याला. तिने तो शब्द तिथेच, त्या ओट्यावर उभं राहून शोधला असणार, आणि मला सांगायला म्हणून उरलेली अर्धी वाट उन्हातून जपून आणला असणार. मी भोकाच्या कडेवर हात ठेवला. तिथे रडू यायला हवं होतं. मला आला तो संताप, आणि तो कुणावर काढावा असं त्या बेटावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आणि हिशोब तेव्हाही सुटला नाही. पाणी कमरेएवढं, ओहोटी पूर्ण झाली तेव्हापासून दोनएक फूट चढलं असेल, दोन फूट वजा केले की गुडघा उरतो. गुडघ्याएवढं होतं, ती म्हणाली होती. पण दोन फूट चढायला पावणेदोन तास लागतात आणि माझ्या चिठ्ठीप्रमाणे जेमतेम तासच झाला होता. ओट्यावर भिजत उभा राहून मी पुस्तकाचं ते पान डोळ्यांपुढे आणलं आणि मला ते जानेवारीतलं माझंच बारीक पेन्सिलीचं अक्षर दिसलं. वर्षभराच्या सगळ्या वेळांत चाळीस मिनिटं मी तेव्हाच मिळवून ठेवली होती. त्यात काल पुन्हा मिळवली. काल नव्हे, आजच सकाळी. दुरुस्त झालेला आकडा मी पुन्हा दुरुस्त केला होता, आणि डावा कोपरा बघितला नव्हता. बघितला असता तर मी वेळेत परत फिरलो असतो, फोटो घेऊन घरी गेलो असतो आणि मरेपर्यंत बरोबर राहिलो असतो.

कोपऱ्यापासून पलीकडच्या माझ्या ओळखीच्या वाळूपर्यंत एकूण एक्केचाळीस पावलं झाली. मी मोजली. होडी दोरावर डुलत होती. परतताना वारा खरोखरच पडला, हवामानाचा अंदाज जन्मात पहिल्यांदा खरा ठरला, आणि दोन तासांच्या वाटेला साडेतीन लागले. त्या साडेतीन तासांत मी तिला सांगायचं वाक्य तयार करत होतो. "तुझं बरोबर होतं" हे फार लहान वाटायचं. त्यापुढे काही जोडलं की ते माझ्याबद्दल व्हायचं. शेवटी ठरवलं, आधी चूळ भरणाऱ्या भोकाचं सांगायचं. ती हसेल. मग बाकीचं.

घरी मेहुणी आलेली होती. पाय स्टुलावर ठेवून चहा पीत होती. माझ्या फाटलेल्या बाहीकडे बघून म्हणाली, "भाऊजी, कुणाशी मारामारी केलीत?"

"बेटावर गेलो होतो."

"तेच का हो, ताईचं? ताई, काल तू सांगत होतीस ते अर्धवट राहिलं. काय झालं मग त्या बेटावर?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. फार थोडा वेळ. बोट वर गेलं नाही, हात मांडीवरच होते. "काही नाही गं," ती म्हणाली. "जरा फिरायला गेले होते. टेकडीवरून उतरून आले."

"टेकडीवरून नाही," मी म्हणालो. "खालून आलीस. कड्याखालून, पाण्यातून."

"बरं," ती म्हणाली. "खालून." आणि बहिणीला म्हणाली, "अजून घेशील का चहा?"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तिला ती आणखी एक दुरुस्ती वाटली होती. तशीच तिने ती घेतली होती, इतकी वर्षं घेत आली तशी, किंचित मान हलवून. "अगं, तसं नाही," मी म्हणालो, "मी आज तिथून चालत आलो. तू म्हणत होतीस ते खरं होतं. गुडघ्याएवढं पाणी, दगडाचा ओटा, सगळं. नकाशा चुकीचा आहे. मी चुकलो. आणि ते भोक, ते चूळ भरतं ते, ते पण आहे."

"कसलं भोक?" ती म्हणाली.

"तू सांगितलं होतंस. त्या दिवशी. आत कुणीतरी चूळ भरतंय असं वाटतं म्हणून."

तिने आठवून बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं, कपाळाला आठी घालून, आणि मी श्वास धरून उभा होतो. "असेल," ती म्हणाली. "मला आता नीट आठवत नाही रे. आधी खालून आल्यासारखं वाटायचं, मग टेकडी डोळ्यांपुढे यायला लागली. आता दोन्ही दिसतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुला आठवतं ना, मग झालं."

"मग तुम्हीच सांगा, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "एकदाची पूर्ण गोष्ट ऐकू द्या."

मी बसलो. ओल्या कपड्यांनी खुर्ची भिजत होती. मी सांगायला लागलो. ती डावीकडे गेली, मी दोर सोडवत बसलो होतो, अडीच तासांनी ती उजवीकडून आली. कडा सांगितला, ओटा सांगितला, एक्केचाळीस पावलं सांगितली. मेहुणी मान डोलवत ऐकत होती. बायको कप गोळा करत होती. मग मी म्हणालो, "केसांना निळा रुमाल बांधलेला होता तिने, आणि पायांत बूट होते." आणि थांबलो. रुमाल नव्हताच. केस सुटलेले होते, चपला हातात होत्या. हे तिला माहीत होतं, चपलांचं तर कालच ती स्वतःच्या तोंडाने बहिणीला सांगत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने नुसतं म्हणावं, नाही. एवढंच म्हणावं.

तिने माझ्यासमोरचा कप उचलला, त्यात चहा उरला आहे का ते बघितलं, आणि आत घेऊन गेली.